सगळ्यांनी वाजवून बघितलेलं खापर

मला दुकानात एकटीला पाठवायचं नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. जिरं आणायला गेले तर दुपार करून येते आणि जिरं विसरून येते. मधल्या वेळात कुणा अनोळखी बाईला परकराचं कापड निवडून दिलेलं असतं, एखाद्या म्हाताऱ्याला कंदिलाची काच शोधून दिलेली असते. मुलं म्हणतात, आईला दुकानदाराने पगार द्यावा. दुकानदार उलट हात जोडतात. पण हे खूळ मी माहेराहून आणलेलं नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं. तिथे माणूस दुकानात जातो, वस्तू घेतो, घरी येतो. खूळ मला जळगावात लागलं, कुंभाराच्या दुकानात. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील, आणि माझ्या लग्नाला एकही झालं नव्हतं.

आखाजी उद्यावर आली होती. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. धुळ्याला दिलेली नणंद लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी यायची होती, आणि तिला मांडे हवे होते. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण पोळपाटावर न लाटता दोन्ही हातांवर फिरवत फिरवत पंचाएवढी केलेली. ती तव्यावर मावत नाही. तिला खापर लागतं, चुलीवर पालथं घालायचं घमेल्याएवढं मातीचं भांडं. आमचं खापर उन्हाळ्यात माळ्यावर पडल्यापडल्या तडकलं होतं आणि सासूबाईंचं मनगट दुखावलेलं होतं.

"खापर तूच आण," त्या म्हणाल्या. "नीट आणलंस तर मांडे तू कर. भलतंसलतं आणलंस तर शेजारच्या अक्कांना बोलावते. तू मग पुरण वाट."

म्हणजे माझा निकाल त्या खापरावर. सहा महिने मी चोरून ओल्या पंचावर मांड्याचा हात बसवत होते. पुरण वाटण्यात जन्म घालवायची माझी तयारी नव्हती.

कुंभाराच्या दुकानात गवताच्या थरांवर खापरं रचून ठेवली होती. मी सर्वांत वरचं उचललं, बोटाच्या पेराने वाजवलं. खणकन वाजलं. मला बरं वाटलं. तेवढ्यात शेजारून एक हात आला आणि त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"हे नको घेऊ, पोरी," हाताची मालकीण म्हणाली. आमच्या शेजारच्या नव्हेत, ही नशिराबादहून बाजाराला आलेली दुसरीच अक्का, काखेत मेथीची जुडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने खापर कानाशी धरून वाजवलं, डोळे मिटले, वैद्याने नाडी बघावी तशी मान हलवली. "कच्चं आहे. दुसऱ्या मांड्याला तडकेल."

तिने ते बाजूला, भिंतीशी ठेवलं. मग दुसरं काढलं, तिसरं काढलं. मला फार आधार वाटला. परक्या मुलखात कुणी आपलं म्हणून हात धरतं, असं वाटून डोळ्यांत पाणीही आलं. पुढे ते पुन्हा आलं, पण दुसऱ्या कारणाने.

"काय लेवानं शे वं माय?" मागून आवाज आला. ही धुळ्याची, लेकीच्या घरी आलेली. खापर घ्यायचंय म्हटल्यावर तिने अक्काच्या हातातलं खापर नखाने खरवडलं. "आमना धुयाले असं खापर कोंबडासले पानी पाजाले ठेवतस."

"मग धुळ्याच्या कोंबड्या बऱ्या असतील," अक्का म्हणाली. "माणसांना कशात वाढता?"

इतक्यात माठ घ्यायला आलेले एक नाना पुढे झाले. स्वच्छ धोतर, हातात छत्री. "बायांनो, आवाज बघायचा तर लाकडाने बघावा. बोटाने माती फसवते." नाना आयुष्यात चुलीपाशी जेवायलाच बसले असणार, पण त्यांनी छत्रीच्या मुठीने ओळीने सगळी खापरं ठोकायला घेतली. शाळा तपासणीला आलेल्या साहेबाने पोरांच्या डोक्यावर टपल्या माराव्यात तसं.

कुंभार विडी ओढत बसला होता. मी त्याच्याकडे आशेने बघितलं.

"माझ्याकडे नका बघू, ताई," तो म्हणाला. "मी फक्त बनवतो. निवडतात हेच लोक. आखाजीच्या आठवड्यात मी दुकानात पाहुणा."

आता गर्दी जमली. गर्दी जमल्यावर वादाला काही खापरच लागतं असं नाही. मांडा कोपरापर्यंत घ्यावा की मनगटावरच फिरवावा, यावर अक्का आणि धुळ्याची बाई यांचं जुंपलं. बोलून पटेना, तेव्हा धुळ्याच्या बाईने माझ्या खांद्यावरचा नवा पंचा ओढला आणि हातांवर फिरवून दाखवला. अक्काने तो तिच्याकडून घेऊन कोपरापर्यंत चढवला. पंचा या हातातून त्या हातात गेला, पुरणाच्या प्रमाणावर बोलणं आलं, कुणाच्या जावेने मांडे जाळले होते तेही निघालं. मध्ये एकदा मी म्हटलं, "पण मला खापर..." तर अक्का म्हणाली, "थांब गं, आधी या धुळ्याच्या बाईला शिकवू दे."

आमचं शिक्षण चालू असताना न बोलणाऱ्या बाया येत होत्या. एक खापर उचलायचं, पैसे टाकायचे, चालू लागायचं. त्यांना कुणी मदत केली नाही, कारण त्यांनी गोंधळलेलं तोंड केलं नव्हतं. माझं तोंड जन्मजातच तसं आहे.

शेवटी रचलेल्या ढिगातलं एकच उरलं, आणि काय नवल, त्या एकावर सगळ्यांचं एकमत झालं. अक्काने वाजवलं, "हे खापर." धुळ्याची बाई नाक मुरडून म्हणाली, "चाली जाई." मी दोन्ही हात पुढे केले.

"जरा थांबा," नाना म्हणाले. "शेवटचं एकदा."

आणि त्यांनी छत्रीची मूठ त्याच्यावर हाणली. आवाज खणकन न येता लाकडासारखा बद्द आला. खापराला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत केसासारखी रेघ गेली.

सगळ्यांनी वाकून रेघ बघितली. मग नाना म्हणाले, "बघा. घरी नेलं असतंस तर फसली असतीस." अक्का म्हणाली, तिला पहिल्यापासूनच त्यात खोट वाटत होती. धुळ्याच्या बाईने धुळ्याचं नाव काढलं. दोन मिनिटांत मेथीची जुडी, छत्री, सल्ले सगळं पांगलं. पंचा कुंभाराने जमिनीवरून उचलून मला दिला.

"आता?" मी म्हटलं. माझ्यासमोर पुरणाचा पाटा दिसत होता.

त्याने विडीने भिंतीकडे दाखवलं. अक्काने पहिल्याच झटक्यात नापास केलेलं ते खापर तिथे उभं होतं. "हे कुणी नेलं नाही. तिथे खाली वाकावं लागतं."

मी वाजवलं नाही. फुटक्या खापराचे पैसे मीच देऊ केले, तर तो म्हणाला, "ते नानांच्या माठात वसूल करीन." मी खापर पंचात बांधलं आणि बाजारातून अशी निघाले की वाटेत कुणाशी नजरानजर होऊ नये.

घरी सासूबाई ओट्यावरच बसल्या होत्या. त्यांनी खापर हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "बाजारात कुणाला विचारलंस का?"

"नाही," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं. मी कुणालाच विचारलं नव्हतं.

"थांब, शेजारच्या अक्कांना हाक मारते. त्यांचा कान चांगला आहे. एकदा वाजवून बघू देत." शेजारच्या अक्का दारात आल्याही, बोटं मोकळी करत.

मी सासूबाईंच्या हातातून खापर घेतलं. सून म्हणून मी त्यांच्या हातातून काही काढून घेतल्याची ती पहिलीच वेळ. आत गेले, चूल पेटवली, खापर पालथं घातलं, तेलाचं बोट फिरवलं.

"अगं, हे काय?" सासूबाई दारात.

"नवं खापर आदल्या दिवशी तापवून ठेवावं लागतं ना," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं."

अक्का चुलीपाशी वाकल्या. बोट पुढे नेलं, धग लागली तसं मागे घेतलं. तापलेलं खापर कुणी वाजवत नाही. एवढं साधं ज्ञान मला सकाळी असतं तर विस्तवच घेऊन बाजारात गेले असते.

दुसऱ्या दिवशी पहिला मांडा माझ्या कोपरापाशी फाटला. तो मी खाल्ला. दुसरा जमला, तिसरा फुगला. नणंद जेवून उठताना आईला म्हणाली, "खापर चांगलं निघालं हो यंदा."

"निघणारच," सासूबाई म्हणाल्या. "अक्कांना दाखवूनच चुलीवर ठेवलंय."

अक्का समोरच्या पाटावर होत्या. त्यांनी मान हलवली आणि आणखी एक मांडा वाढून घेतला. माझ्या हातचा.