ग्रहणाला मिळालेली स्थगिती

सरकारदरबारी मी आजवर जेवढे अर्ज केले, त्यांपैकी तीन दिवसांत मान्य झालेला अर्ज एकच. त्या अर्जाने मी माझ्या सख्ख्या बहिणीचे काम बंद पाडले. हा कबुलीजबाब समजू नये. अर्ज बरोबर होता आणि त्यातील अकराही मुद्द्यांवर मी आजही ठाम आहे.

मी बेळगावात एका वकिलांकडे कारकून होतो. घर मूळचे निपाणीचे. आई-वडील दोघेही तंबाखूच्या वखारीत मजुरीला जात. घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा फळीवर एकच पुस्तक आले, ते भारताच्या घटनेचे. वडिलांना अक्षर येत नव्हते, पण पुस्तकावर तंबाखूची धूळ बसू नये म्हणून ते रोज फडक्याने पुसत. मी ते वाचले आणि तिथून माझे डोके फिरले, असे आईचे मत. बसथांब्यावर भाडेपत्रक लावलेले नसले की मी आगारप्रमुखांना लिहीत असे. टपाल उशिरा आले की टपाल अधीक्षकांना. आणि मराठी भाषकांच्या गावात सरकारी सूचना मराठीत लागली नाही, तर भाषिक अल्पसंख्याकांना मान्य केलेल्या सवलतींचा दाखला देऊन थेट तहसीलदारांना. आमच्या भागात या शेवटच्या प्रकाराला कधी तोटा नव्हता.

बहीण माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आणि सर्व बाबतींत माझ्या उलट. मी चार पाने लिहावीत, तिने चार ओळी. निपाणीची नगरपालिकेची शाळा, बेळगावचे कॉलेज, धारवाडची एम.एस्सी. असे करत ती सत्तरच्या दशकात बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत पोहोचली. सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी हा तिचा विषय. त्या विभागात तिच्याआधी एकही बाई नव्हती. बाईसाठी राहण्याची सोय नाही असे संस्थेने कळवले, तेव्हा मी समानतेच्या कलमाचा आधार घेऊन पाच पत्रे तयार केली. ती टपालात पडण्यापूर्वीच तिचे कार्ड आले: "संस्थेच्या माळ्याच्या घरात खोली मिळाली. पत्रे थांबव. यंत्रांपासून जवळ आहे." हक्क सिद्ध न होताच सोय झाली, याचा मला आठवडाभर राग होता.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत मोठे सूर्यग्रहण येणार होते. खग्रासाचा पट्टा कारवार, हुबळीकडून जाणार होता. बेळगावला तो जरासा हुकणार होता. आमच्याकडे सूर्याची बारीक कोर उरणार होती. बहिणीचे कार्ड आले होते: "फेब्रुवारीत कामानिमित्त त्या बाजूला येणे होईल. कळवीन." मी त्यावर सविस्तर उत्तर पाठवून कोणत्या तारखेस, किती दिवस, रजेवर की कामावर, असे विचारले होते. तिने ते कळवले नाही.

त्याच सुमारास मी आमच्या वकिलांचे कागद पोहोचवायला उचगावच्या बाजूच्या एका गावात गेलो होतो. तिथल्या चावडीच्या भिंतीवर एक सूचना चिकटवलेली दिसली. बंगळूरच्या कोणा संस्थेला हायस्कूलचे मैदान आणि दोन खोल्या दहा दिवसांसाठी द्यायच्या आहेत, हरकती असल्यास सात दिवसांत कळवाव्यात. सूचना कन्नडमध्ये होती आणि इंग्रजीत होती. गावात मराठी नसलेले घर शोधून सापडेल तर शपथ. तरी मराठीत एक ओळ नव्हती, आणि त्या रागात संस्थेचे नाव नीट वाचण्याचेही मला सुचले नाही. ज्याला वाचताच येत नाही, त्याने सात दिवसांत हरकत घ्यायची कशी? मी तिथेच चावडीच्या पायरीवर बसून अर्ज लिहायला घेतला. चार पाने, अकरा मुद्दे. दुसऱ्या दिवशी तो तहसील कचेरीच्या खिडकीवर देऊन पोचेवर शिक्का घेतला.

तिसऱ्या दिवशी आदेश आला. हरकतीचा निकाल लागेपर्यंत मैदानाचा ताबा देऊ नये.

मी आदेश दोनदा वाचला. मग बाजारात जाऊन पाव किलो कुंदा घेतला आणि घरी आईपुढे ठेवला. तिने तोंडात टाकून विचारले, "कुणाचं काय झालं रं?"

"बंगळूरच्या एका संस्थेला थांबवलं."

"का? त्येनी काय क्येलतं तुजं?"

"माझं नाही. कायद्याचं."

"बरं," ती म्हणाली, आणि आणखी एक घास घेतला.

सोमवारी दुपारी घरासमोर एक जीप थांबली. बहीण उतरली. केसांत धूळ, हातात घडी घातलेला कागद. आईने पाणी दिले, ते ती उभ्यानेच प्यायली. मग तिने कागद माझ्यापुढे धरला. ती माझ्या अर्जाची नक्कल होती.

"अण्णा, ही सही तुझीच ना?"

सही नाकारण्यासारखी नव्हती. मी माझे पूर्ण नाव, त्याखाली पत्ता आणि त्याखाली दोन रेघा, असे लिहितो.

"शाळेच्या फाटकाबाहेर माझा ट्रक उभा आहे," ती म्हणाली. "हेडमास्तर कुलूप काढत नाहीत. ग्रहण शनिवारी आहे. इथलं निरीक्षणाचं केंद्र माझं आहे. आजवर कोणी माझ्या हातात केंद्र दिलं नव्हतं. खग्रासाच्या पट्ट्यात मोठे लोक गेले. कडेचं हे राहिलं, तर ते बाईला देऊन बघू, म्हणाले. शनिवारी इथून नोंद गेली नाही, तर पुन्हा कोणी बघणार नाही."

माझ्याआधी आईच बोलली.

"पोरीचं काम अडवलंस आन मला ग्वाड खाऊ घातलंस व्हय? आता त्यो कुंदा माज्या घशात बसलाय. जा, फाडून टाक तुजा कागद."

इथे मला स्पष्टपणे नमूद केले पाहिजे की मी अर्ज मागे घेण्यास नकार दिला. शुक्रवारी आदेश निघाला तेव्हा जी हरकत खरी होती, ती सोमवारी अर्जदाराची बहीण जीपमधून उतरली म्हणून खोटी कशी होईल? मी हे बोलून दाखवले, जरा मोठ्या आवाजात. आईने कपाळाला हात लावला. बहीण मात्र शांतपणे जमिनीवर बसली.

"मागे घे म्हणायला आलेच नाही मी," ती म्हणाली. "तू मागे घेतलास तर लोक म्हणतील, बहिणीसाठी घेतला. उद्या दुसरा कोणी घालेल. मला सुनावणी पाहिजे. उद्याच."

"सुनावणीला किमान—"

"किमान दोन पक्ष लागतात. तू आहेस, मी आहे. आता अर्ज वाचू दे नीट."

तिने तो तासभर वाचला. अकरा मुद्द्यांवरून तिचा डोळा भराभर फिरत होता. शेवटच्या पानावर, जिथे अर्जदार काय मागतो ते लिहिलेले असते, तिथे ती थांबली आणि तिथून हलली नाही. मला वाटले, भाषा आवडली असावी.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघे एकाच रिक्षातून कचेरीत गेलो. भाडे निम्मे-निम्मे दिले, कारण पक्षकारांनी एकमेकांचे भाडे देणे बरे दिसत नाही. शिरस्तेदार धारवाडकडचे, कन्नड बोलणारे, वयस्क गृहस्थ होते. माझे नाव ऐकताच ते खुर्चीतून अर्धे उठले.

"हे तुम्ही काय? बसा री. तुमचं अर्ज मी घरी नेऊन वाचतो. माझं मराठी तुमच्यामुळं सुधारलं बघा. पण आत आला नाही कधी?"

"टपालाने किंवा खिडकीवरच भागते," मी म्हणालो.

"आणि ह्या बाई कोण?"

"विरुद्ध पक्ष," बहीण म्हणाली.

तहसीलदारांपुढे आम्ही उभे राहिलो. मी अकरा मुद्दे मांडले. पाचव्या मुद्द्यापाशी साहेबांनी पंखा वाढवायला सांगितला. माझे संपल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "अर्जदारांचे सगळे मुद्दे मला मान्य आहेत. सूचना मराठीत हवी होती. चूक संस्थेची आहे. आमच्या पत्रातच तसं मागायला पाहिजे होतं."

मी प्रतिवादाची तयारी करून गेलो होतो. मान्यतेची नव्हती.

"आता अर्जदारांनी मागितलंय काय, ते बघावं," तिने पान उलटले आणि माझेच वाक्य वाचले, "'सदर सूचना मराठीत प्रसिद्ध करून ग्रामस्थांना जाहीरपणे वाचून दाखवावी व तोपर्यंत ताबा देऊ नये.' बस. नव्याने सात दिवसांची मुदत अर्जदारांनी मागितलेलीच नाही. आज संध्याकाळी सूचना मराठीत वाचली, की अर्ज पूर्ण मंजूर झाला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी कागदाकडे पाहिले. मुदत खरोखरच नव्हती. चावडीच्या पायरीवर बसून, रागाच्या भरात, मी कायद्याची अकरा शिखरे चढलो आणि शेवटी मागायचे तेच विसरलो. वीस वर्षे वकिलांकडे काढलेल्या माणसाने. तरीही खरे सांगतो, त्या क्षणी लाजेपेक्षा मला दुसरेच काही वाटले. इतक्या वर्षांत माझा अर्ज शेवटच्या शब्दापर्यंत तपासणारे माणूस मला पहिल्यांदा भेटले होते.

"अर्जदाराची यावर तक्रार आहे?" साहेबांनी विचारले.

"वाचन शिवार-वस्तीवरचे लोक परतल्यावर व्हावे," मी म्हणालो. "सहाच्या आधी नको."

"मान्य," बहीण म्हणाली.

कचेरीत मराठी टंकयंत्र नव्हते. शिरस्तेदारांनी व्हरांड्यातले बाक दाखवले, शाई दिली, आणि सूचना मीच लिहावी असे ठरले, कारण अक्षर माझे चांगले. तिथे आमचे खरे भांडण झाले. मी 'ज्याअर्थी' लिहिले, तिने ते खोडले. मी पुन्हा लिहिले. ती म्हणाली, "अण्णा, म्हशी धारेला थांबल्यात लोकांच्या. कोण आलंय, काय करणार, कधी जाणार, एवढं लिही." शेवटी सूचना सहा ओळींची झाली. त्यात एक 'ज्याअर्थी' मी राखला.

संध्याकाळी दवंडी पिटून लोक चावडीसमोर जमले. वाचन मी केले. शिरस्तेदार मुद्दाम सायकलवर आले होते. वाचून झाल्यावर एका म्हाताऱ्या आप्पांनी हात वर केला.

"यंत्र लावलं तर गिराण वाढंल का गं?"

"न्हाई, आप्पा. यंत्र नुसतं ऐकतंय."

"सूर्व्याचं ऐकू येतंय व्हय?"

"कानाला न्हाई. यंत्राला येतंय. चंद्र जसजसा सूर्य झाकंल, तसतसा आवाज कमी व्हईल. कुठला भाग झाकल्यावर किती कमी झाला, त्यावरनं तो आवाज सूर्याच्या कुठल्या जागेवरनं येतोय ते कळंल."

ती चावडीपुढे निपाणीच्या वखारीतल्यासारखी बोलत होती. मी ते कितीतरी वर्षांनी ऐकले. मागून कोणी तरुण बाई म्हणाली, "पर हितं पुरं गिराण न्हाईच की. पुरं दिसतंय तितं का गेली न्हाईस?"

लोक हसले. बहीणही हसली.

"तितं मोठं सायेब गेल्यात. मला हे मिळालं. पर एका डोळ्यानं सुई ओवून बघा. दोन डोळं लागत्यात. त्यो डोळा सायबांचा, ह्यो माजा. ह्यो मिटला तर त्येंचंबी चुकंल."

आप्पांनी हेडमास्तरांना हाक मारली. "काढा की हो मास्तर कुलूप. पोरीचा डोळा मिटायला नको."

शनिवारी दुपारी रस्ते ओस पडले. लोक दारे लावून घरात बसले होते. पण त्या गावात मात्र मैदानाच्या कुंपणाला निम्मे गाव टेकले होते, कारण सगळे त्यांना वाचून दाखवलेले होते. आईने बेळगावाहून भाकरी आणि झुणका आणला. ग्रहणात खाऊ नये असे कोणी तिला म्हटले, तर ती म्हणाली, "आमी ते सोडलं. तू बी सोड, गार व्हायच्या आत." बहीण यंत्रापाशी होती. मला तिने तापमापकाची नोंद दिली होती, दर मिनिटाला एक. उजेड पितळेसारखा झाला, कावळे झाडांकडे गेले, कुंपणावरचे लोक काळ्या काचांतून वर बघत राहिले. मी एकदाही वर पाहिले नाही. एक मिनिट चुकले असते, तर ती नोंद कोणत्याही न्यायालयात टिकली नसती.

संध्याकाळी यंत्रातून आलेली कागदाची पट्टी तिने जमिनीवर पसरली. तिच्यावरची रेघ खाली गेली होती, पायऱ्यापायऱ्यांनी, आणि पुन्हा वर आली होती. तिने गुडघ्यांवर बसून ती टोकापासून टोकापर्यंत पाहिली. मग आईच्या टोपलीतून उरलेली भाकरी घेतली आणि उभ्या उभ्या खाल्ली.

पुढे तिची आणि खग्रासाच्या पट्ट्यातली, अशा दोन्ही नोंदी जुळल्या. पुढच्या मोहिमेचे केंद्र तिला न मागता मिळाले, त्यापुढची मोहीमच मिळाली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ती अवकाश विभागात अशा जागी होती, की देशात कुठे आकाश ऐकण्याचे नवे केंद्र उभारायचे, हे तिच्या सहीने ठरे. ज्यांच्या यंत्रांसाठी तिने एके काळी ट्रक रिकामे केले होते, ते साहेब आता तिच्या खोलीबाहेर बसून वाट बघत. तिच्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांत असे बोलले जाई, की बाईंचे केंद्र कधी अडत नाही.

ते का अडत नसे, हे मला ठाऊक होते. प्रत्येक नव्या जागेच्या जाहीर सूचनेचा मसुदा, यंत्रे निघण्याच्या महिनाभर आधी, माझ्या पत्त्यावर येई. सोबत दोन ओळी: "यावर हरकती काढ. आठ दिवसांत." मी काढत असे. नऊ, बारा, एकदा सतरा. ती त्यांतल्या तीन-चार मान्य करी आणि उरलेल्या कारणांसह फेटाळून कळवी. फेटाळण्याची कारणे अर्ध्या ओळीची असत, आणि मला ती खोडता येत नसत. यावर मी तिला स्वतंत्र पत्रे लिहिली आहेत.

एकदा डोंगराळ भागातल्या एका केंद्राचा मसुदा आला. तो तिने स्वतः लिहिला होता. गावाची भाषा, वाचनाची जागा आणि वेळ, कुरणाची वाट मोकळी ठेवण्याचे वचन, तक्रार कोणाकडे न्यायची, सारे आठ ओळींत. मी दोन दिवस तो पुढेमागे वाचला. वकिलांच्या दोन पुस्तकांत बघितले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला लेखी कळवले, की प्रस्तुत मसुद्यात मला एकही दोष आढळलेला नाही. ते पत्र मी रजिस्टरने पाठवले आणि पोचपावती मागितली, म्हणजे मी असे लिहिले नव्हते, असे मलाही पुढे कधी म्हणता येऊ नये.