अभ्यासिकेचं दुसरं दार

ज्या माणसाला मी वीस वर्षं दादा म्हणत आले, त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे. पुसायचा म्हणते आणि राहून जातं. राग मात्र जात नाही. कधीकधी स्वयंपाक करताना मी त्याच्याशी मोठ्याने भांडते.

पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजात तो माझ्या दोन वर्षं पुढे होता. तो मांजरसुंब्याकडचा, मी बीडची. तिथे आमची बोली ऐकून पोरं हसायची, तेव्हा तोच मध्ये पडायचा. पुढे त्याने पुण्यातच मोठं ऑफिस थाटलं. मी बीडला परतले आणि दोन खोल्यांवर पाटी लावली. आमच्या घरातलीच काय, अख्ख्या गल्लीतली मी पहिली आर्किटेक्ट.

गेवराईत विहाराशेजारी अभ्यासिका बांधायची ठरली. विहाराच्या समितीने काम मला दिलं, पण सोबत अनुभवी मोठी फर्म हवी अशी अट घातली. मला दुसरं कोण आठवणार? दादालाच फोन केला.

काम सुरू करण्याआधी मी तिथल्या मुलींसोबत तीन दुपारी बसले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली. कुणी शेतमजुराची लेक, कुणी मेंढपाळाची. त्यांचं मागणं एकच होतं. रस्त्याकडच्या दाराशी गाड्यांवर पोरं बसून राहणार, त्यांच्यामधून जावं लागलं तर घरचे पाठवणार नाहीत. तेव्हा विहाराच्या अंगणातून आत येणारं वेगळं दार हवं. मी शब्द दिला. ते दार आखून, लॅपटॉपवर त्यांना त्यातून आत-बाहेर फिरवून आणलं. "लई भारी, ताई!" त्या म्हणाल्या, आणि मला दिवसभर भूक लागली नाही.

आता आमच्या धंद्यात नुसते कागदी नकाशे राहिले नाहीत. अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी असते, तिला मॉडेल म्हणतात. दोन ऑफिसं मिळून काम करतात तेव्हा एकमेकांना मॉडेलची बंद प्रत द्यायची असते. बघा, मोजा, पण हात लावू नका. ज्याचा भाग, त्यानेच बदलायचा. कुठली भिंत कुणी बदलली, याची नोंद नावासकट राहते. मी नेमाने बंद प्रतच पाठवत होते.

एक दिवस दादाचा फोन आला. "कावून गं एवढी कुलपं? मला खांब बसवायचे हायेत. दर वेळी तुला कुठं विचारत बसू? तुझा पासवर्डच दे की. का भरवसा न्हाई?"

भरवशाचं नाव काढलं आणि मी गारद झाले. परक्याला मी करारातलं कलम दाखवलं असतं. दादाला कसलं कलम दाखवायचं? दिला पासवर्ड.

समितीच्या बैठकीत पडद्यावर मॉडेल तो दाखवत होता. रस्त्याच्या बाजूला उंच काचेचा दर्शनी भाग आला होता, फोटोत झकास दिसेल असा. त्याच्यासाठी जिना मागे सरकला होता. जिन्याने मुलींच्या दाराची जागा खाल्ली होती आणि तिथे कोरी पांढरी भिंत होती. मुली मागच्या रांगेत बसल्या होत्या.

समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त गुरुजी, म्हणाले, "इथं एक दार व्हतं ना?"

दादाने भिंतीवर क्लिक केलं. बदल करणाऱ्याच्या जागी माझं नाव आलं. "मॅडमनीच काढलंय," तो म्हणाला. आवाज अगदी साधा, चहा सांगावा तसा.

मी काय करायला हवं होतं, हे कुणीही सांगेल. उभं राहून म्हणायचं, हे मी केलेलं नाही, माझा पासवर्ड याच्याकडे आहे. पण मग मीच नियम मोडला हेही कबूल करावं लागलं असतं. गल्लीतली पहिली आर्किटेक्ट, आणि असला गाढवपणा! मी खाली मान घालून बसले. ठराव मंजूर झाला, टाळ्या वाजल्या.

बाहेर मी त्याला गाडीपाशी गाठलं. "दादा, माझ्या नावावर कसं रे केलंस?"

"अगं, तू आपली हायेस म्हणून तर. चारचौघांत तू मला तोंडघशी पाडणार न्हाईस, माहीत व्हतं मला."

नाकारलंसुद्धा नाही त्याने. दार चोरल्यापेक्षा हे जास्त लागलं. खांबांची मापं घ्यावीत तशी त्याने माझी मापं घेऊन ठेवली होती, आणि ती बरोबर निघाली होती. तो गाडीत बसून निघून गेला.

मुली फाटकाशी थांबल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यात मोठी पुढे आली. "ताई, तुमीच काढलं का आमचं दार?"

अजूनही वेळ गेली नव्हती. गुरुजी आणि समितीची माणसं आत चहा पीत होती. वीस पावलं चालून जायचं होतं.

"बघू, काही करता येतं का," मी म्हणाले.

ती बाकीच्या मुलींकडे वळली. म्हणाली, "चला गं. यांनीच काढलं."