कळंबोलीत पूजेला बसलेली हत्यारं

तळेगाव सोडलं तेव्हा बाहेर धुकं होतं आणि माझी मान ताठ होती. आदल्या दिवशी फोनवर व्हिडिओ बघून मी गाडीचे पुढचे ब्रेक पॅड स्वतः बदलले होते. दसऱ्यासाठी उरणला मेहुणीकडे निघालो होतो आणि त्या दिवशी खंडेनवमी होती. "पान्यांच्या पेटीला हळदकुंकू तरी वाहा," बायको, मालती, म्हणाली. मी म्हटलं, "आल्यावर." घाई होती. शिवाय खरं सांगायचं तर देवापेक्षा माझा स्वतःवर जास्त विश्वास होता.

घाटात उजव्या चाकातून करकर ऐकू येऊ लागली. "नवीन पॅड आहेत, बसायला वेळ लागतो," मी शहाणपणा केला. मालती दाराचं हँडल घट्ट धरून बसली.

खाली उतरलो आणि खाडीकडचं ओलसर, मऊ ऊन लागलं. कळंबोलीचा लोखंड बाजार गाढ झोपेत होता. एरवी सळयांचा दणदणाट असतो तिथे चिटपाखरू नव्हतं. ओळीने उभ्या ट्रकांना झेंडूच्या माळा, चाकांशी फुटलेले नारळ, उदबत्तीचा धूर. सगळं पाण्याखालून पाहतोय असं वाटत होतं, आणि त्याच तंद्रीत पुढचा ट्रक जवळ आला. ब्रेक दाबला. गाडी किंचाळली, पण थांबेना. हँडब्रेक ओढला तेव्हा कुठे ट्रकच्या फळीपासून वीतभर अंतरावर थांबलो.

मालती उतरली. "मी इथून एसटीने जाते. या गाडीत पुन्हा बसणार नाही."

तीस वर्षांत ती माझ्यावर कितीदा तरी चिडली होती, पण माझ्यासोबत घाबरली कधी नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोरच्या गॅरेजचे मालक काशिनाथ आवाज ऐकून बाहेर आले. चाकाशी वाकून म्हणाले, "काका, तुमी पॅड उलटा बसवलाय. लोखंडावर लोखंड घासतंय."

"मग दुरुस्त करून द्या ना."

"आज नाय. हत्यारं पूजेला बसलीत. आमी हात नाय लावत." आत पाटावर पाने, हातोड्या कुंकू लावून ओळीने मांडल्या होत्या. "तुमची पूजली काय?"

"नाही," मी खाली बघून म्हणालो.

"मग बरा हाय! तुमीच उघडा, मी सांगतो."

मी डिकीतून पान्यांची पेटी काढली. तासभर काशिनाथ हात मागे बांधून सांगत राहिले आणि मी पाने चालवत राहिलो. मध्येच त्यांचा एक हात आपसूक पुढे यायचा आणि पुन्हा मागे जायचा. "जुने पॅड हायेत?" त्यांनी विचारलं. मालतीने डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं आणलं. ती काहीच टाकत नाही.

"ह्यांना काय झालेला? अजून चार महिने चालले असते. हेच बसवा."

मालती हसली. मला ते हसू सोन्याच्या मोलाचं वाटलं.

काशिनाथांच्या घरून भोपळ्याचे घारगे (गुळाच्या गोड पुऱ्या) आले. मालती स्टुलावर बसून खात होती आणि मी रिकाम्या रस्त्यावर झेंडूच्या माळांमधून गाडी नेऊन थांबवत होतो, एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा थांबलो तेव्हा तिने दार उघडलं. "तीसच्या वर गेलात तर उतरेन," म्हणाली आणि बसली.

"ब्रेकच्या डिस्कवर ओरखडे हायेत. हळू जावा, परतताना दाखवा," काशिनाथांनी बजावलं.

उरणपर्यंत बैलगाडीच्या चालीने गेलो. खाजणात बगळे उभे होते, पाणी चकाकत होतं. इतक्या सावकाश मी हा रस्ता कधी पाहिलाच नव्हता.

दसरा झाल्यावर परतताना काशिनाथांनी डिस्क बदलली. या वेळी हात मागे बांधून मी उभा होतो.

घरी आल्यावर उशिरा का होईना, पेटी देवापुढे ठेवली. मालतीने एकेका पान्याला कुंकू लावलं. जॅक आणि चाकाचा पाना मात्र तिने उचलून बाजूला ठेवले.

"हे का?" मी विचारलं.

"राहू देत," ती म्हणाली. "रस्त्यात कुणी अडकलं तर?"