दर मालिकेत मरणारे शेजारी

पृथ्वीच्या पाठीवर आमच्या शेजाऱ्यांइतक्या वेळा मेलेला माणूस दुसरा नसेल, आणि इतक्यांदा मरून दर मंगळवारी सकाळी कचऱ्याचा डबा स्वतः रस्त्यापर्यंत ओढत आणणारा तर नाहीच नाही. ते नट आहेत, अमेरिकन. हीरो वगैरे नव्हेत. इंग्रजी मालिकेत एखादा अमेरिकन कर्नल किंवा तेलसम्राट येतो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलतो आणि पहिल्या जाहिरातीच्या आत आडवा होतो. तो आडवा होणारा माणूस म्हणजे आमचे शेजारी. तरुणपणी एका नाटकाबरोबर ओहायोहून लंडनला आले, नाटक आठवड्यात बंद पडलं, हे राहिले. तेव्हापासून ब्रिटनमध्ये कुणाला एखादा अमेरिकन मारायचा असला की फोन यांनाच. विषाने मेले, बंदुकीने मेले, कड्यावरून पडले, आणि एकदा तर उतारावरून गडगडत आलेल्या, चाकाएवढ्या चीजच्या ढेपेखाली सापडले. त्या मरणाबद्दल ते अजून आदराने बोलतात.

या माणसाची सगळी इस्टेट म्हणजे त्याचे अमेरिकन उच्चार. लंडनजवळच्या आमच्या ब्रॅकनेलच्या हवेत ते टिकवणं म्हणजे पावसात पापड वाळवणं. म्हणून ते इंग्रजांशी शक्यतो बोलतच नाहीत. दुकानात बोटाने दाखवून पाव घेतात. एकदा बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्स’ऐवजी तोंडून इंग्रजांसारखं ‘चिअर्स’ निघून गेलं, तर बिचारे दोन दिवस दाराबाहेर पडले नाहीत. उच्चार जागेवर आणायला ते घोकत असलेली ओहायोतल्या गावांची नावं भिंतीपलीकडून खड्या आवाजात ऐकू येत होती. आमच्याकडे मात्र ते मनमोकळे येतात. ‘तुझ्या घरात मला संसर्गाची भीती नाही,’ असं त्यांनी मला सांगितलं. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा दुसऱ्याच संध्याकाळी तिने त्यांना टीव्हीवर एका तळ्यात बुडताना पाहिलं. सकाळी खिडकीचा पडदा सरकवते तर तेच गृहस्थ डबा ओढताहेत.

‘काऊन रे, हे तर काल बुडाले होते ना?’

‘आई, ते नाटकातलं.’

‘नाटकातलं असो. मेल्याची खोटी बातमी पसरली की आयुष्य वाढते, पण नजरही लागते. बोलाव त्यांना.’

मग मीठ-मोहरी, लाल मिरच्या, आणि सोफ्यावर पूर्वेकडे तोंड करून बसलेला सहा फुटी अमेरिकन. आईने दृष्ट उतरवून तव्यावर टाकली, आणि घरातला स्मोक अलार्म असा किंचाळला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री रडायला लागली. मी खुर्चीवर चढून पंच्याने वारा घालत होतो. आई समाधानाने म्हणाली, ‘पाह्य, किती लागली होती.’ त्यानंतर प्रत्येक मरणानंतर ते आपणहून येऊन सोफ्यावर बसू लागले. आई त्यांना ‘भाऊ’ म्हणे, ते तिला ‘मॅम’. दोघांच्या मधे दुभाषा मी.

अशाच एका दृष्टीनंतर, डोळे पुसत (मिरच्यांमुळे, असं मी धरून चाललो), त्यांनी सांगितलं की ओहायोत त्यांची थोरली बहीण आहे, आणि तिने त्यांचं एकही काम पुरतं पाहिलेलं नाही. पहिलंच पाहिलं, त्यात हे फासावर गेले; तिने टीव्ही बंद केला तो केला. ‘तिला बघता येईल असं एक काम हवंय. शेवटपर्यंत जिवंत असलेलं. ती आता नव्वदीला आलीय.’ मी भाषांतर केलं. आईने चहात दुप्पट आलं टाकलं.

आणि खरंच एक भूमिका आली. एका कुटुंबाचे आजोबा. शेवटच्या प्रसंगात सगळे भांडतात, निघून जातात, आणि आजोबा नुसते बसून राहतात. हल्ली निवड करणारे चाचणीचा प्रसंग घरूनच चित्रित करून मागवतात, तेव्हा मी फोन धरला आणि हे आमच्या खुर्चीत बसले. बसले, आणि हळूहळू त्यांचा हात छातीकडे गेला. पुन्हा घेतलं, मान कलली. पुन्हा घेतलं, एक डोळा मिटला. जन्मभराची सवय, कॅमेरा अंगावर थांबला की देह आपोआप मरायला लागे.

‘हे मरून राहिले पुन्हा,’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘भाऊंना सांग, हात रिकामा असला की माणसाच्या मनात नाही नाही ते येते. तुझे बाबा गेले तेव्हा मी काय केलं? मेथी निवडली.’ आणि तिने मेथीची जुडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. ‘पानं इकडे, देठं तिकडे.’

तो माणूस मेथी निवडायला लागला. मी चित्रित करत राहिलो. निवडता निवडता एकदा त्यांनी निघून गेलेल्या माणसांच्या दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा जुडीत डोकं घातलं. मला नागपूरचं आमचं घर आठवलं, आणि तिथे एकटीच मेथी निवडणारी आई.

काम मिळालं. मेथीसकट मिळालं. मालिकेचा शेवटचा भाग आम्ही तिघांनी आमच्याच सोफ्यावर पाहिला. नावं वर सरकू लागली तरी आजोबा पानं खुडतच होते. शेजारी म्हणाले, ‘मी कधी पडतोय याची वाट बघत होतो.’ आईने तरीही मिरच्या काढल्या. आज तर जास्त गरज, म्हणाली.

चार दिवसांनी बहिणीचा फोन आला. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘तू किती म्हातारा झालास.’ हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं, इतक्या आनंदाने, की जणू एखादं बक्षीस मिळालं असावं.

त्यानंतर कामाचे फोन मात्र थंडावले. शेवटपर्यंत जगणारा अमेरिकन कुणाला फारसा लागत नाही. आईही नागपूरला परतली. आता ते कधीकधी मेथीची जुडी घेऊन येतात, आम्ही दोघं निवडतो. भाजी कुणालाच नीट जमत नाही. परवा ते दुकानदाराला चक्क ‘चिअर्स’ म्हणाले, आणि घरी जाऊन कुठल्याही गावाचं नाव घेतलं नाही.

मंगळवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल येतो. मी कसा आहे ते ती नंतर विचारते. आधी मला खिडकीशी जायला लावते.

‘निघाले का?’

‘नाही अजून.’

मग आम्ही दोघं, नागपूर आणि ब्रॅकनेल, त्या बंद दाराकडे बघत थांबतो. दार उघडतं, डब्याची चाकं खडखडतात.

‘निघाले,’ मी म्हणतो.

‘दिसले मला,’ आई म्हणते. ‘स्वेटर नाही घातला आज. जा, सांग त्यांना.’