मामा कापला जाईना

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या स्टुडिओत कॉम्प्युटर आला तेव्हा तो बघायला मिरजेच्या दवाखान्यांतले निम्मे पेशंट उठून आले होते, असं मी सांगतो. निम्मे नसतील, पण एक होता. हाताला सलाईनची पट्टी तशीच. त्या मशीनवर मी लग्नाच्या कॅसेटी एडिट करायचो. कमळातून नवरी काढायचो, बदामातून नवरा. सातारा-सांगलीत माझ्या कमळातून न निघालेली नवरी नांदायची नाही, एवढी माझी ख्याती.

मग मिरजेचा कॉम्प्युटरवाला आला. त्यानं जुनं सॉफ्टवेअर पुसलं, नवं घातलं आणि म्हणाला, "जुनी प्रोजेक्टं ह्यात आपोआप उघडत्यात. तुमी काय बी करायचं न्हाई."

ते खरं निघालं. काही करताच येत नव्हतं.

त्याच आठवड्यात लोणंदचे एक काका आले. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न सांगलीला, नवऱ्याच्या दारात झालेलं. कॅसेट मीच केलेली.

"कॅसेटला बुरशी लागलीया. नवी काढून द्या, गड्या. त्याच घरातनं धाकटीला बी मागणी आलीया. रविवारी पाव्हणं यायचं हायती, आन् विहीणबाईस्नी पुन्हा लगीन बघायचंय."

त्या लग्नात मुलीच्या मामाला मानाचा फेटा बांधायचा राहिला होता. मामानं आचाऱ्याच्या मांडवात, चुलाणापाशी, पायताण हातात घेऊन पाव्हण्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पाव्हण्यांच्या कानावर त्यातलं अक्षर गेलं नाही. पण माझा कॅमेरा चालू होता. एडिटिंगमध्ये मी मामाला अलगद काढून तिथं झेंडूचा हार सोडला होता. काकांना ठाऊक होतं. म्हणून तर ते माझ्या पाया पडायचेच बाकी होते.

आता प्रोजेक्ट म्हणजे काय, तर शिंप्याकडचं माप. कापड म्हणजे मूळ कॅसेट. हार्ड डिस्क एवढीशी, त्यामुळं लग्न झालं की चित्र पुसायचं आणि माप तेवढं ठेवायचं. जुनं सॉफ्टवेअर सेकंदाला पंचवीस चित्रं मोजायचं, नवं तीस मोजायला लागलं. गज बदलला! त्यात सॉफ्टवेअरनं मला न विचारता जुन्या प्रोजेक्टावरच नवं माप लिहून टाकलं.

मूळ कॅसेट परत मशीनमध्ये उतरवली आणि काकांना शेजारी बसवून मी लग्न चालू केलं. कमळाच्या जागी काळा चौकोन. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट खाली येतो आणि पलीकडे नवरी नाही, म्हैस. अक्षता पडतात त्या पत्रावळीवर. आणि अख्ख्या लग्नातून जो एकच माणूस मी काढला होता, तो चुलाणापाशी पायताण उगारून उभा.

"आवं, हे काढा की!" काका किंचाळले.

काढला. मशीन गोठलं. बंद करून चालू केलं, मामा जागेवर. दुसरीकडून कापला, तर मामा सप्तपदीत. भुतानं झाड धरावं तसं त्यानं ते प्रोजेक्ट धरलं होतं. मिरजेला फोन केला, तर कॉम्प्युटरवाला म्हणाला, "रूपांतर झालं की मागं येत न्हाई. दुधाचं दही झालं म्हना."

काका खुर्चीत खचले. "थोरली नांदती हाय वो तिथं. ह्यातला एक शब्द विहिणीनं ऐकला तर धाकटीचं ऱ्हावं द्या, थोरलीचंच काय खरं न्हाई."

सगळं करून थकल्यावर मशीननं एकच गोष्ट मानली. सगळा आवाज काढून वर सलग सनई टाकता आली. तीच कॅसेट घेऊन मी पॅसेंजरनं लोणंदला गेलो. काकांचा हट्ट, "तुमी व्हीसीआरपाशी बसायचं." बसलो. करणार काय होतो, देव जाणे.

खोलीत पाव्हणे, दोन्ही पोरी, आणि ऐन मध्ये चिवडा खात खुद्द मामा. सनई सुरू झाली. म्हैस आली तशी विहीणबाई म्हणाल्या, "आमचीच की ही!" सगळे हसले. मग मामा आला. डोकं बोडकं, तोंड वासलेलं, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, वर गोड सनई. थोरलीनं पदर तोंडात धरला.

"मामा काय म्हनत्यात वो?" विहीणबाईंनी विचारलं.

मामानं तोंडातला चिवडा गिळला. मग म्हणाला, "म्हनत हुतो, आदी पाव्हण्यास्नी वाढा."

"आन् पायताण कशाला हातात?"

मामानं काकांकडं बघितलं. काकांनी माझ्याकडं. थोरलीनंही माझ्याकडंच. मशीनपुढं हरलेला मी, आता सगळ्या घराचा भरवसा माझ्यावर.

"त्याचं असंय आवं," मी म्हणालो, "सॉफ्टवेअर नवीन हाय. कुनाच्या बी हातात काय बी येतंय."

विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग मामाकडं. मग टीव्हीतल्या मामाच्या बोडक्या डोक्याकडं. शेवटी त्यांनी ताटलीतला लाडू उचलून मोडला आणि अर्धा थोरलीच्या हातावर ठेवला.

सुपारी त्याच संध्याकाळी फुटली. धाकटीच्या लग्नात मामाला विहीणबाईंनी स्वतः उभं राहून मानाचा फेटा बांधवला, म्हणे. म्हणे, कारण मी तिथं नव्हतो. विहीणबाईंचाच निरोप आला होता: व्हिडिओला दुसरा कुणी बघा, जुन्या सॉफ्टवेअरवाला.