किल्लीचा खिळा

आमच्या कारिनिएमी गावाचं संग्रहालय बघायला कुणी आलं, की मी दारातच सांगून टाकते. भिंतीवर एखादा खिळा रिकामा दिसला आणि त्याला लाकडाची ढलपी लटकत असली, तर चोरी झाली असं समजू नका. वस्तू कामावर गेली आहे. ढलपीवर ज्या घराची खूण कोरली असेल त्या घरी जा. वस्तू बघायला मिळेल, वर कॉफीही मिळेल. असलं संग्रहालय या किनाऱ्यावर दुसरं कुठं असेल तर मला दाखवा, मी चालत बघायला जाईन.

ही सगळी करणी सायमी कीस्किनेनची. सायमी म्हणजे माझी शेजारीण, शाळेतली बाकावरची सोबतीण आणि जन्मभर माझं डोकं खाल्लेली बाई. युद्धानंतर आमच्या देशाचा पूर्वेकडचा कारेलिया प्रांत रशियाकडे गेला, तिथली माणसं रातोरात घरदार सोडून निघाली आणि देशभर विखुरली. आमच्या गावाच्या वाट्याला आली सायमीची आई, आठ वर्षांची सायमी आणि एक गाय. गाय गावाला लगेच पसंत पडली. माणसांना जरा वेळ लागला.

त्याचं कारणही होतं. आमच्या किनाऱ्यावरची माणसं दिवसाकाठी मोजकं बोलतात, आणि त्यातलं निम्मं वाऱ्याबद्दल. सायमी नि तिची आई सकाळी डोळे उघडले की सुरू व्हायच्या. राय धान्याच्या पिठाच्या पातळ पोळीत भात घालून भाजायच्या आणि न मागता घरोघरी वाटायच्या. आमच्या आईला तर संशयच यायचा, या बायकांना नक्की हवंय तरी काय!

आणि दुसरं म्हणजे, त्यांच्या घराला खूण नव्हती. आमच्याकडे प्रत्येक घराची खूण ठरलेली. सुरीनं झटकन कोरता यावी म्हणून सगळ्या सरळ रेघा, गोलाईचं नाव नाही. आमच्या घराची दोन तिरक्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक. वल्ह्यावर, जाळ्याच्या बोयांवर, मासळीच्या पिंपावर, सगळीकडे तीच. खूण नसलेलं वल्हं किनाऱ्याला लागलं तर ते वाहून आलेलं लाकूड, ज्याला सापडेल त्याचं. कीस्किनेन मायलेकींना गावात पाठीमागे काय म्हणायचे ते आता वेगळं सांगायला नको.

सायमी मोठी झाली, शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, "अगं, तुमच्या इथले पुरुष मला हो म्हणेपर्यंत माझे केस पिकायचे." तसे ते पिकलेच.

मग तो उन्हाळा आला. गावात नवीन स्वयंपाकघरं, प्लास्टिकच्या बादल्या, विजेवरची दूध काढायची यंत्रं आली होती, आणि जुनं सामान नकोसं झालं होतं. उन्हाळ्याच्या मध्यावर आम्ही किनाऱ्यावर मोठी होळी पेटवतो, त्या ढिगावर लोकांनी चरखे, पाळणे, दुधाच्या लाकडी चरव्या आणून टाकल्या. एली राउवालानं तर साय काढायचं हातयंत्रही त्याच्या लाकडी घडवंचीसकट वर चढवलं. पेटवायला काडी ओढणार, तेवढ्यात सायमी ढिगावर चढून बसली. चांगले कपडे घालून.

"उतर खाली," एली म्हणाला.

"नाही उतरत. पेटवायचं तर माझ्यासकट पेटव."

"तुझं काय जातंय गं यात? तुमच्या घरचा एक चमचा तरी आहे का?"

"नाही ना!" सायमी ओरडली. "आमचं सगळं तिकडं राहिलं. पाळणा, चरखा, आजीची लाकडी परात, सगळं. म्हणून तर सांगतेय गाढवांनो! तुमचं तुमच्याजवळ आहे, तर तुम्ही ते जाळताय!"

कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे कुणी बोलत नाही म्हणजे विचार चाललेला असतो. मग एली म्हणाला, "ठेवायचं कुठं?" बंदराजवळची हेरिंग मासळी खारवायची वखार रिकामी पडली होती, तिथं. "आणि उद्या मला लागलं तर?" सायमी म्हणाली, "तर येऊन घेऊन जा. खिळ्यावर तुझ्या घराची खूण ठेवून जा, म्हणजे मला कळेल कुठं आहे." एवढ्या बोलण्यावर आमचं संग्रहालय उभं राहिलं. त्यासाठी ना समिती बसली, ना फीत कापली गेली.

वखारीला किल्ली एकच. दाराच्या आतल्या बाजूला किल्लीसाठी खिळा ठोकलेला होता, पण किल्ली त्यावर कधी कुणी पाहिली नाही. ती कायम सायमीच्या ॲप्रनच्या खिशात. उन्हाळ्यातल्या रविवारी ती दार उघडून बसायची आणि आलेल्यांना कुठली वस्तू कुठल्या घरची, कुणी वापरली, त्या माणसाची खोड काय, सगळं सांगायची. आमच्याच घरच्या गोष्टी आम्ही तिच्याकडून ऐकल्या. परकी म्हणून आलेली बाई गावाची तोंडपाठ वही होऊन बसली.

अशी बरीच वर्षं गेली आणि शहरातल्या मोठ्या संग्रहालयातून निरोप आला. गावोगावच्या छोट्या संग्रहालयांची पाहणी होणार. जिथं सामान नीट सांभाळलेलं नसेल, तिथलं उचलून शहराच्या नव्या कोठारात नेणार. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी तिथले साहेब येणार होते.

सायमीचं तोंड पहिल्यांदा बंद झालेलं मी तेव्हा पाहिलं. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनं कॉफी गार होऊ दिली. मग म्हणाली, "केर्त्तू, पुन्हा सगळं गाडीत भरायचं? एकदा भरलंय मी. गाडीत चढलेलं सामान परत येत नाही."

आम्ही दोघींनी वखार घासून पुसून लख्ख केली. प्रत्येक वस्तू आपापल्या खिळ्यावर. बघून माझाच ऊर भरून आला.

आणि त्याच आठवड्यात वादळ आलं. ओला बर्फ, वरून समुद्राचा वारा. झाडं विजेच्या तारांवर पडली, रस्त्यावर पडली. वीज गेली, टेलिफोन मेला. पेट्रोलपंपही विजेवरच चालायचा, त्यामुळे यांत्रिक करवती तेल संपताच गप्प झाल्या. वखारीशी पहिला आला तो एलीच. गोठ्यात गाई हंबरत होत्या, दूध काढायचं यंत्र बंद, आणि दुधाची गाडी गावात येईल असा रस्ताच उरला नव्हता.

"सायमी, चरव्या हव्यात," तो म्हणाला. "आणि साय काढायचं यंत्र. नाहीतर दूध ओतून द्यावं लागेल."

त्याच्यामागे बाकीचे. कुणाला दोन मुठींची करवत, कुणाला कंदील, कुणाला चुलीवरचं तीनपायी बिडाचं पातेलं. मी सायमीला बाजूला ओढलं.

"डोकं फिरलंय का तुझं? परवा साहेब येणार! भिंती मोकळ्या बघितल्या तर उरलेलं गाडीत घालून नेईल तो!"

"कळतंय गं मला."

"मग नाही म्हण!"

तिनं एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा दाराशी उभ्या असलेल्या माणसांकडे. "मी यांना शब्द दिलाय, केर्त्तू. लागलं तर घेऊन जा म्हटलंय. आज लागलंय." आणि तिनं स्वतःच्या हातानं करवत खाली काढली.

संध्याकाळपर्यंत वखारीत नुसते खिळे आणि ढलप्या.

साहेबांना येऊ नका असं कळवायला टेलिफोन कुठं होता? गुरुवारी ते आलेच. ओइवा साल्मेला नाव, पन्नाशीचा उंच माणूस. पडलेल्या झाडापाशी मोटार सोडून चालत आला होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला. वखारीच्या दारात उभा राहून त्यानं चारही भिंती पाहिल्या. एक ढलपी उलटी करून पाहिली.

"सामान कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"कामावर," सायमी म्हणाली.

"म्हणजे?"

"चला, दाखवते. पण आधी मोजे बदला, नाहीतर तुम्हालाच इथं खिळ्यावर टांगावं लागेल."

माझ्या नवऱ्याचे लोकरी मोजे घालून साहेब निघाले. पहिल्यांदा रस्त्यावर करवत दिसली, दोन भाऊ ती ओढत होते आणि साहेबांच्या मोटारीची वाट मोकळी होत होती. मग माझ्याकडे तीनपायी पातेल्यात बटाटे नि खारवलेली हेरिंग शिजत होती, ती साहेबांनी दोनदा वाढून घेतली. शेवटी एलीचा गोठा. तिथं निम्मं गाव जमलेलं. कंदिलाच्या उजेडात कुणी दूध काढत होतं, कुणी यंत्राचा दांडा फिरवत होतं. यंत्र घूं घूं करत होतं, एका तोटीतून साय, दुसरीतून दूध. होळीतून वाचलेलं तेच यंत्र. दांडा फिरवणारीचा हात दुखला तसा साहेबांनी अंगातला कोट काढला आणि दांडा हातात घेतला. बराच वेळ फिरवत राहिला. कोठारात असली यंत्रं त्याच्याकडे आठ-दहा असतील, पण सुरू असलेलं एकही नसावं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं मला.

"छपराला गळती आहे, ती बुजवावी लागेल," तो फिरवता फिरवता म्हणाला. "आग विझवायचं नळकांडं हवं. आणि प्रत्येक वस्तूवर क्रमांक."

"म्हणजे राहणार सगळं इथंच?" सायमीनं विचारलं. आवाज एवढासा.

"इथून नेऊ कसं? तुम्ही लोक वापरताय की!" मग तो हसला आणि सहज म्हणाला, "सगळ्यांच्या खुणा पाहिल्या. तुमच्या घरची वस्तू कुठली, बाई?"

सायमीनं ॲप्रनच्या खिशातली किल्ली चाचपली.

"माझी नाही कुठली," सायमी म्हणाली. "मी नुसती किल्ली सांभाळते."

एली गाईच्या पोटाला कपाळ टेकून दूध काढत होता. त्यानं मान वर केली नाही, पण त्याचे हात थांबले होते. मी बघितलं ते.

वीज आली, तसं सामान घासून पुसून परत आलं. सायमी एकेक वस्तू टांगत होती, ढलपी काढून ज्याची त्याला देत होती. सगळं संपलं तरी एक ढलपी उरलीच. दाराशी, किल्लीच्या रिकाम्या खिळ्यावर. ताज्या लाकडाची. तिच्यावर कोरलेली एक उभी रेघ, आणि रेघेच्या डोक्यावर छोटी आडवी.

"ही कुणाची?" सायमी म्हणाली. "ही खूण गावात नाही."

"आता आहे," एली म्हणाला.

"कुणाची पण?"

"खिळ्यासारखी दिसते ना? बायकांना नीट बघायला नको." एली टोपी हातात फिरवत होता. "नियम तुझाच आहे. वस्तू नेली की ढलपी ठेवायची. किल्ली कुणी नेलीये?"

"मी."

"मग. इतकी वर्षं ढलपी न ठेवता वापरतेयस. आम्ही काही बोललो नाही, एवढंच."

सायमी हसायला लागली, आणि हसता हसता ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडायला लागली. एली घाबरून बाहेर पळाला. मी तिला धरून उभी राहिले. मलाही रडू येत होतं आणि गावाचा असा अभिमान वाटत होता की काय सांगू.

पुढं काय, बाईच्या हाती सुरी लागली! लाटणं, बर्फाचं फावडं, सौना या वाफेच्या न्हाणीघरातली पाण्याची डोणी, सगळ्यावर खिळा. माझ्या अंगणातल्या बाकावरही कोरला. का विचारलं तर म्हणे, "इथं मी तुझ्यापेक्षा जास्त बसते."

सायमीला जाऊन आता काही वर्षं झाली. गेली त्या सकाळी तिच्या ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढून मी वखारीत आले. नियम सरळ आहे. माणूस गेलं, वस्तू परत आली, तर खिळ्यावर वस्तू टांगायची आणि ढलपी काढून घरच्यांना द्यायची. घरचं तर कुणी नव्हतंच. मी ढलपीला हात लावला. तेवढ्यात बाहेर एलीची नात हाक मारत आली. लोणी काढायची रवी हवी होती तिला.

मी हात मागे घेतला. किल्ली माझ्या खिशात टाकली आणि रवी काढून दिली. ढलपी तिथंच आहे, अजून. सायमीची वस्तू कामावर आहे.