खंडेनवमीचा धूप आणि बाटलीतल्या पेशी

आमच्या कॉलेजात दोन नाकं प्रसिद्ध आहेत. एक माझं, दुसरं यंत्राचं. माझं नाक स्टाफरूमच्या दारातूनच कुणाच्या डब्यात मेथी आहे ते जाहीर करतं. यंत्र जास्त सभ्य. ते हवेतलं एकेक रसायन वेगळं करतं आणि पडद्यावर एकेक टोक काढून दाखवतं. माल जास्त, तर टोक उंच. अंबाजोगाईत रसायनशास्त्र शिकवता शिकवता या यंत्राची राखण माझ्याकडे आली, आणि माझं ऐकायला माणसं कमी पडली की मी त्याच्याशीच बोलते.

काही वर्षांपूर्वी नेकनूरकडची एक मुलगी आमच्याकडे पीएचडीला आली. ती बाटल्यांमध्ये माणसाच्या यकृताच्या पेशी वाढवायची. तळाला गुलाबी पाणी, त्यात पेशी, वर थोडी हवा. त्या हवेत पेशींनी काय काय सोडलं, ते ती यंत्राला हुंगायला द्यायची. शेजारी तुलनेला नुसत्या गुलाबी पाण्याची बाटली, तिच्यात पेशी नाहीत.

पेशी वास सोडतात, हे सगळ्यांनाच मान्य होतं. मुलीचं म्हणणं पुढचं होतं. "मॅडम, त्या घेतात पण! नुसत्या पाण्याच्या बाटलीत जे असतं, त्यातलं काही पेशींच्या बाटलीत कमी दिसतं."

तिचे मार्गदर्शक सर मान हलवत. "कमी दिसतं म्हणजे उडालं. झाकण ढिलं असेल. तुझा फरक यंत्राच्या थरथरीएवढा आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी ठळक दाखव, नाहीतर 'घेतात' हा भाग प्रबंधातून काढून टाकू."

मुलीचा सगळा जीव त्याच भागात होता. ती दिवसभर बाटल्यांच्या तोंडाशी बसायची आणि मी तिला चिडवायचे, "अगं, सासूसारखी नजर ठेवू नकोस, लाजून जेवत नसतील त्या."

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडेही यंत्रांना कुंकू लागतं, फुलं वाहतात. उदबत्ती मात्र व्हरांड्यात, असा नियम. मुलीची आई एसटीनं आली. दसरा झाला की त्यांची टोळी ऊस तोडायला पश्चिमेकडे निघणार होती. घरचे कोयते सकाळीच पुजून, तेच ताट, धुपाटण्यासकट, फडक्याखाली झाकून तिनं आणलं होतं.

"आमची अवजारं झाली, म्याडम. आता हिचं अवजार कंचं, ते दावा."

झालं! मला प्रेक्षक मिळाला. मी हात पसरून, आवाज चढवून यंत्राची ओळख करून दिली. तिनं कुंकू लावलं, झेंडू ठेवला.

"हे काय करतंय?"

"वास घेतं."

तिनं यंत्राकडं पाहिलं, मग माझ्या नाकाकडं पाहिलं, आणि पदराआड हसली.

मुलगी चहा आणायला गेली. मला फोन आला म्हणून मी व्हरांड्यात गेले. परत येते तो आई गायब! पेशींच्या खोलीचं दार सताड उघडं. आत पेशींचं उबदार कपाट, फ्रिजसारखं दिसणारं, तेही उघडं. आणि आई त्यात धुपाटणं फिरवत होती. उदाचा असा ढग, की देऊळच!

"थांबा!" मी ओरडले. आवाज नाटकातला होता, पण घाबरणं अगदी खरं.

"कावून?" ती म्हणाली. "आतल्या जित्या हायत ना? पोरगीच म्हणली तसं. निस्त्या लोखंडाला कुकू पुरतं. जित्याला धूप दावाया नको का?"

मी आधी धावत जाऊन कपाटाचं दार लावलं.

मुलगी चहा घेऊन दारात उभी. "माय! काय केलंस हे!"

"वंगाळ झालं का गं?" आईचा चेहरा एवढासा झाला. मग मुलीनं तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "न्हाई गं, धुऊन काढते."

आई गेल्यावर ती बाटल्या फेकायला निघाली. मी म्हटलं, "फेकण्याआधी यंत्राला हुंगू दे. धूप कुठवर शिरलाय ते तरी कळेल." बाटल्यांच्या झाकणांना हवेपुरती जाळी होती, त्यामुळे शिरला असणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी, दसऱ्याचं आवरून, आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो.

नुसत्या पाण्याच्या बाटलीत उदातल्या एका रसायनाचं टोक उभं राहिलं. कडू बदामासारखा वास असतो त्याला. टोक कसलं, बालाघाटचा डोंगरच! मग पेशींची बाटली लावली. तीच फळी, तोच धूर. आणि टोक? मुंगीचं वारूळ.

मुलगी कुजबुजली, "मॅडम, खाल्लं."

सर आधी पोट धरून हसले आणि मग लगेच गंभीर झाले. "धूप दाखवला म्हणून विद्यापीठ पदवी देत नाही. त्या बाटलीत धूर कमी शिरला असेल. बाटल्या घट्ट बंद कर, तेच रसायन मोजून टाक. आणि मेलेल्या पेशींचीही बाटली ठेव. ते रसायन त्यांना नुसतं चिकटत असेल तर?"

मला सरांचा फार राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं.

पहिल्या खेपेला मुलीनं इतकं रसायन घातलं की जिवंत पेशीही मेल्या. मी म्हटलं, "पाहुण्यांना असा आग्रह करतात होय?" ती हसली नाही. दिवाळी तोंडावर आली होती आणि नव्या पेशी वाढायला वेळ घेतात. तिनं पुन्हा पेशी वाढवल्या, पुन्हा बाटल्या मांडल्या, या वेळी रसायन अगदी कणभर घातलं.

सुट्टी लागायच्या दिवशी सर स्वतः येऊन उभे राहिले. नुसत्या पाण्याचं टोक उंच. मेलेल्या पेशींचं जवळजवळ तेवढंच. जिवंत पेशींचं? जमीनदोस्त! आणि शेजारी एक नवंच बुटकं टोक. घेतलेल्याचं दुसरंच काही बनवून पेशींनी ते परत सोडलं होतं.

सरांनी चष्मा पुसला. "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"ठेव," सर म्हणाले.

"काय, सर?"

"तो भाग. ठेव प्रबंधात. आणि ते धुपाटणं कुठंही लिहू नकोस."

"अहो, पण तोच तर रंगतदार..." मी सुरुवात केली.

"मॅडम, तुम्ही बोलूच नका."

मुलीनं व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला. पलीकडे उसाच्या फडात बायकांचा गलका होता.

"माय, सर ठेव म्हणले!"

"काय ठेव?"

"तो भाग! पेशी घेतात, हे खरं निघालं. तुझ्या धुपातलं खाल्लं त्यांनी!"

"आगं बया! धूप खाल्ला?"

"त्यातलं थोडंसं."

पलीकडे कोयता पाचटात टाकल्याचा आवाज आला. मग आईनं साऱ्या फडाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "ऐकलं का गं? माझी पोरगी म्हणत हुती, तेच खरं निघालं!"